बहात्तरावा हिस्सा

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातल्या, आणि महाराष्ट्राबाहेर जिथे जिथे मराठी घरे आहेत तिथल्याही अंगणात मुलांचे किल्ले उभे राहू लागतात. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल एवढीच सामग्री. वर अळीव पेरले की चार दिवसांत रान उगवते. शिखरावर सिंहासनावर महाराज बसतात, बुरुजाबुरुजांवर भाले घेतलेले मावळे उभे राहतात. बुरुजापेक्षा मावळा उंच असतो, महादरवाजा त्याच्या गुडघ्याला लागतो आणि पायथ्याच्या गुहेत वाघाचे निम्मे अंगही मावत नाही. परंतु याबद्दल कुणाची तक्रार नसते. किल्ला पाहणारा मनानेच हे सारे जुळवून घेतो.

आमचे घर झाशीला होते. वडील आणि काका दोघेही रेल्वेत नोकरीला. काका कारखान्यात आरेखक होते. १९६६ सालच्या दिवाळीत आमच्या क्वार्टरपुढे मी किल्ला केला होता. काका तो पाहायला आले, खाली बसले, बराच वेळ पाहत राहिले आणि मला म्हणाले, "अरे, हा पहारेकरी रात्री घरी जातो कुठून? दारातून तर तो जाईलसा दिसत नाही." मला राग आला. मी म्हणालो, "काका, सगळ्यांचे किल्ले असेच असतात!" ते म्हणाले, "सगळ्यांचे असतात हे खरेच. पण आपण एकदा मोजून तर पाहू."

त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली. मावळा चार इंच भरला. खरा मावळा साडेपाच फूट धरला, तर किल्ल्यावरचा एक इंच म्हणजे खरे साडेसोळा इंच. अंबारीसकट हत्ती आत घ्यायचा तर महादरवाजा वीस फूट उंच हवा. म्हणजे आमच्या अंगणात सव्वा फूट. तट तीस फुटी. म्हणजे जवळजवळ दोन फूट. आणि डोंगर? तो तीनशे फूट धरला, तर चाळीच्या कौलांवर जाईल एवढी माती लागली असती! आम्ही दोघेही हसलो. मग काकांनी उलट बाजूने गणित मांडले. अंगण वाढवता येत नाही, तेव्हा मावळा लहान करू. पुठ्ठ्याचे एकेक इंचाचे मावळे आम्ही रात्री कापले. दरवाजा साडेतीन इंचांचा झाला. डोंगर तीनशे फुटांवरून शंभर फुटांवर आणला, तेव्हा तो दीड फुटांत बसला. दुसऱ्या दिवशी किल्ला पाडून पुन्हा बांधला. मातीचे महाराज मात्र एवढ्या लहान गडावर बसेनात. काकांनी एक स्वच्छ पाट आणला, तो किल्ल्याशेजारी मांडला आणि त्यांना त्यावर बसवले. म्हणाले, "महाराजांना माप लावायचे नसते."

आज ज्या छंदाविषयी मला बोलायचे आहे, त्याचे सारे मर्म त्या संध्याकाळी मला कळले होते. प्रमाणबद्ध प्रतिकृती करण्याचा आणि जमवण्याचा हा छंद आहे. विमान, जहाज, रणगाडा, इंजिन, मोटार, घर, पूल, काहीही घ्या. मूळ वस्तूचे प्रत्येक माप एकाच संख्येने भागायचे, एवढाच या छंदाचा नियम. खेळण्याला हा नियम नसतो. प्रतिकृतीला तो असतो. खेळण्यातली मोटार गोड दिसावी म्हणून तिची चाके मोठी करता येतात. प्रतिकृतीत ती मुभा नाही, आणि खरी गंमत नेमकी इथून सुरू होते.

ही भागायची संख्या कुठून येते, याच्या कथा मनोरंजक आहेत. विमानांच्या प्रतिकृतींचे सर्वांत रुळलेले प्रमाण एकास बहात्तर. सहा फुटांचे बहात्तर इंच होतात. म्हणजे खऱ्या सहा फुटांना प्रतिकृतीत एक इंच. फूट-इंचांत विचार करणाऱ्या इंग्रज कारागिरांना हे सोयीचे होते. १९३६ साली इंग्लंडमध्ये याच प्रमाणात सुट्या भागांची प्लास्टिकची विमाने विक्रीस आली. दुसऱ्या महायुद्धात आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावे म्हणून याच प्रमाणातल्या प्रतिकृती वापरल्या गेल्या. १९५३ मध्ये एअरफिक्सने स्पिटफायर विमान याच प्रमाणात आणले, आणि पुढे शाळकरी मुलांच्या खाऊच्या पैशांत हा छंद बसू लागला.

रेल्वेच्या प्रतिकृतींची कथा वेगळी आहे. युरोपात फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे सुमारे एकास सत्त्याऐंशी, हे प्रमाण रूढ झाले. पण ब्रिटिश इंजिने अंगाने लहान. त्या प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हा तिथल्या कारागिरांनी इंजिन फुटाला चार मिलिमीटर असे मोठे केले, आणि रूळ मात्र जुनेच, साडेसोळा मिलिमीटर अंतराचे ठेवले. त्यामुळे ब्रिटिशांच्या छोट्या गाड्या आजही आपल्या अंगाच्या मानाने अरुंद रुळांवरून धावतात. जपानमध्ये शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६१ मध्ये पँथर रणगाड्याची चालती प्रतिकृती काढली. आत मोटर आणि विजेचे सेल बसले पाहिजेत, या हिशेबाने तिचा आकार ठरला. मागाहून मोजले तेव्हा ते प्रमाण एकास पस्तीस निघाले; आणि आज जगभर रणगाड्यांचे तेच मुख्य प्रमाण होऊन बसले आहे. म्हणजे प्रमाण कशावरूनही ठरो, कधी फूटपट्टीवरून, कधी सेलवरून, कधी अंगणावरून. एकदा ठरले की ते पाळायचे.

आता ज्यांना हा छंद सुरू करावासा वाटतो, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे फळी मोजा. आपण प्रतिकृती कुठे ठेवणार, ती जागा आधी मोजावी आणि मग प्रमाण निवडावे. सातशे फूट लांबीची युद्धनौका एकास सातशे प्रमाणात एक फुटाची होते; तीच एकास साडेतीनशे घेतली तर दोन फुटांची होते, आणि दोन खोल्यांच्या घरात मग घरधनिणीशी वाटाघाटी कराव्या लागतात. दुसरी गोष्ट, विषय आपल्या जिव्हाळ्याचा निवडा. सर्वांत मोठा आणि सर्वांत महाग डबा पहिल्यांदा घेण्याचा मोह फार होतो. शेकडो तुकड्यांचा तो डबा अर्धवट जोडलेला माळ्यावर जातो आणि त्याच्याबरोबर हा छंदही जातो. तीसचाळीस तुकड्यांचे लहानसे विमान घ्यावे आणि ते पुरे करावे.

मी स्वतः सुरुवात उशिरा, तिशी उलटल्यावर केली. १९६५ च्या युद्धात आपल्या हवाई दलाची चिमुकली नॅट विमाने गाजली होती. लहानपणी त्यांची चित्रे मी वहीत चिकटवत असे. म्हणून पहिला डबा घेतला तो एकास बहात्तरातल्या नॅटचा. घाईघाईने दोन रात्रींत विमान जोडले. जोडून झाल्यावर ध्यानात आले की ह्याला आसने दोन आहेत! डब्यातले होते ते शिकाऊ वैमानिकांचे नॅट. युद्धात लढलेले होते ते एका आसनाचे. दोन्हींच्या पंखांची मापेही निराळी. शिकाऊ नॅटच्या पंखांचा विस्तार चोवीस फूट; त्याला बहात्तराने भागले की बरोबर चार इंच. लढाऊ नॅटचा विस्तार सुमारे बावीस फूट. म्हणजे माझे विमान तिसऱ्या हिश्शाने इंच जास्त रुंद होते. चूक डब्याची नव्हती. डब्यावर सारे लिहिलेले होते. मीच ते वाचले नव्हते. शिवाय वैमानिकापुढच्या काचेवर झटपट चिकटणारा गोंद वापरल्यामुळे त्याच्या वाफेने काच धुक्यासारखी पांढरी झाली, आणि उजव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. ते विमान मी अजून ठेवले आहे. त्याने मला जे शिकवले, ते नंतरच्या एकाही सुबक विमानाने शिकवले नाही.

त्यावरून जोडणीची रीत सांगतो. सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले असतात. ते हाताने पिरगाळून तोडू नयेत. लहान कातरपक्कडीने कापावेत आणि उरलेला कोंभ बारीक पॉलिश पेपरने घासावा. साच्यातून सुटावेत म्हणून भागांना कधी कधी तेलकट हात लावलेला असतो. तेव्हा आधी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावेत. गोंद लावण्यापूर्वी प्रत्येक जोड कोरडाच बसवून पाहावा. प्लास्टिकचा खास गोंद खरे तर चिकटवत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो. म्हणून तो थेंबाने लावायचा, धारेने नाही. काचेला मात्र सुताराचा पांढरा गोंद लावावा; तो वाळला की पारदर्शक होतो. खिडकी उघडी ठेवावी, पाते अंगापासून दूर चालवावे, आणि मूल लहान असेल तर शेजारी मोठ्या माणसाने बसावे. चिमटा, दोन चांगले कुंचले, पाते, कातरपक्कड आणि पॉलिश पेपर एवढ्या हत्यारांवर पहिले वर्ष सहज निघते.

रंगाच्या बाबतीत पुन्हा प्रमाणाचेच गणित आहे. रंगाचा थर मिलिमीटरचा दहावा हिस्सा जाड बसला, तरी एकास बहात्तरात तो खऱ्या विमानावर पाऊण सेंटीमीटर जाड थापल्यासारखा होतो. पत्र्यावरचे सांधे आणि खिळे त्याखाली बुजून जातात. म्हणून रंग पातळ करून, दोनतीन हात देऊन, प्रत्येक हात पुरता वाळवून लावावा. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात फवाऱ्याने लॅकर मारण्याचा हट्ट धरू नये. दमट हवेत तो पांढुरका पडतो. पावसाळा जोडणीला ठेवावा, रंगकाम दसऱ्यानंतर काढावे.

आता जमवण्याविषयी. सर्वांनाच हाताने करण्याची हौस असते असे नाही. कुणाला तयार प्रतिकृती गोळा करण्यात आनंद असतो. तोही या छंदाचाच सख्खा भाऊ. ओतीव धातूच्या डिंकी मोटारी १९३४ पासून मिळू लागल्या. मॅचबॉक्स गाड्यांचा जन्म तर एका शाळेच्या नियमातून झाला. लंडनच्या लेझ्नी कारखान्यातले जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येई. वडिलांनी तिला आगपेटीत मावणारा रस्ता दाबण्याचा रोलर करून दिला, आणि १९५३ पासून त्या आगपेट्या जगभर गेल्या. जमवणाऱ्याने एखादे सूत्र धरावे हे बरे. फक्त आपल्या रस्त्यांवरून धावलेल्या मोटारी, किंवा फक्त मालवाहू जहाजे, असे काही तरी. सूत्र नसले की संग्रहाची अडगळ होते. प्रत्येक वस्तू कधी, कुठून, कोणत्या अवस्थेत मिळाली, हे वहीत लिहावे. मूळ खोके टाकू नये. ऊन लागू देऊ नये. त्याने रंग उडतो आणि चित्रे पिवळी पडतात. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडते. आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीची ओतीव मोटार विकत घेताना ती नीट निरखावी. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल, तर ती आतून तडकत जाते आणि एके दिवशी तिचा भुगा होतो. त्यावर इलाज नाही.

जमवणाऱ्याचा एक दोष मात्र मी जवळून पाहिला आहे, आणि तो माझ्यातही आहे. न उघडलेले डबे साठत जातात. डबा विकत घेतला की प्रतिकृती झाल्यासारखीच वाटते. वेळ मिळाला की करू, निवृत्त झालो की करू, असे आपण म्हणतो. या एका वाक्याची किंमत मला काकांमुळे कळली.

काकांनी एक इंजिन करायला घेतले होते. डब्ल्यूपी जातीचे, बंदुकीच्या गोळीसारख्या निमुळत्या नाकाचे आणि त्यावर चकचकीत तारा असलेले. १९४७ ते १९६७ या काळात ही ७५५ इंजिने बांधली गेली, आणि आपल्या ब्रॉडगेजवरच्या कितीतरी नामांकित गाड्या त्यांनी ओढल्या. त्यासाठी डबा विकत मिळत नव्हता. मिळता, तरी दुसरी अडचण होतीच. आपले ब्रॉडगेज साडेपाच फुटांचे, आणि परदेशी प्रतिकृतींचे साडेसोळा मिलिमीटरचे रूळ तिकडच्या चार फूट साडेआठ इंचांच्या रुळांसाठी केलेले. आपले इंजिन त्यांवर खरे बसवायचे, तर एकास शंभराहूनही लहान करावे लागते. काकांनी परदेशी रुळांचा नाद सोडला. एकास बत्तीस प्रमाण धरून ते लाकूड, पत्रा आणि पितळेची तार यांतून इंजिन घडवू लागले. इंजिनाचे मोठे चाक पाच फूट सात इंचांचे. बत्तिसाने भागून दोन इंचांहून किंचित मोठे. ती सहा चाके त्यांनी शिसवीतून कातून घेतली. सुट्टीच्या दिवशी ते यार्डात जात, परवानगी घेत, टेप लावत आणि एका जाड वहीत माप टिपत. एका पानावर इंजिनाचा एकच भाग.

इंजिन पुरे झाले. मागचे टेंडर, कोळशापाण्याची गाडी, तेवढी राहिली. काका म्हणत, "टेंडर काय, यार्डात रोज उभेच असते. मोजू सावकाश." नोकरी संपली, डोळे अधू झाले. यार्डातली इंजिने एकेक करून कमी झाली. १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरची वाफेची नित्याची वाहतूक संपली; त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत. त्यांची वही माझ्याकडे आली. तिच्यात 'टेंडर' असे सुवाच्य अक्षरात मथळा घातलेले एक पान आहे. त्याखाली रेघा आखलेल्या आहेत, आणि आकडा एकही नाही.

मुंबईकरांना अशीच एक आठवण असेल. १९६१ मध्ये आपल्या नौदलात आलेली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये सेवेतून निघाली आणि पुढे संग्रहालय म्हणून मुंबईच्या बंदरात उभी होती. येताजाता ती दिसत असे. पाहू कधीतरी, असे किती जणांनी म्हटले असेल! २०१२ मध्ये ते संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये नौका मोडायला घेतली गेली. सुमारे सातशे फुटांचे ते जहाज आता कुणाच्या फळीवर एक फुटाचे होऊन उरले असेल, तर त्या फुटाला केवढी किंमत आहे!

म्हणून माझे नवशिक्यांना एक सांगणे आहे. परदेशी विमानांचे डबे जरूर जोडा. हात त्यांवरच बसतो. पण त्याबरोबर आपल्या भोवतालची एखादी वस्तू मोजून ठेवा. गावातले लाकडी माडीचे घर असेल, बंद पडलेल्या गिरणीची चिमणी असेल, नॅरोगेजचे रिकामे स्टेशन असेल. एक टेप, एक वही आणि चार बाजूंची चार छायाचित्रे पुरतात. आता संगणकावर आकृती काढली की यंत्र ती थराथराने छापून हातात देते. काकांना ज्या चाकासाठी महिना लागला, ते आज एका रात्रीत निघते. पण यंत्राला माप माहीत नसते. ते कुणी तरी, वस्तू जागेवर आहे तोवर, जाऊन घ्यावेच लागते. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये उघडलेले भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना एका माणसाच्या अशा चिकाटीतून काय उभे राहते, हे निराळे सांगायला नको.

काकांच्या इंजिनाचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. हरियाणात रेवाडीला वाफेच्या इंजिनांची जुनी शेड जतन केलेली आहे, आणि तिथे 'अकबर' नावाचे एक डब्ल्यूपी इंजिन आहे. काही वर्षांपूर्वी मी टेप आणि ती वही घेऊन तिथे गेलो. परवानगी घेतली आणि टेंडर मोजले. एक माप दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जुळले. परत आल्यावर पुठ्ठा आणि पत्रा यांचे टेंडर करायला मला दोन हिवाळे लागले. काकांच्या हाताची सफाई त्यात नाही. शेजारी ठेवले की फरक दिसतो. पण दोन्हींना एकच बत्तीस लावलेला आहे, आणि म्हणून ती एकमेकांना जोडली जातात. वहीतले ते पान आता भरले आहे. मथळा काकांच्या अक्षरात आहे आणि आकडे माझ्या.